मोठ्या जावेचा मान

माझी जाऊ वैष्णवी पळायला लागली की लोक हातातलं काम सोडून बघत राहतात, आणि लोक बघत राहिले की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की करुणाच्या पोटात एक आणि ओठात एक.

खेळ अमेरिकन फुटबॉलचा. इथे मेलबर्नमध्ये त्याला ग्रिडआयर्न म्हणतात आणि बायकांच्याही हौशी टीम आहेत. नाव फुटबॉल असलं तरी पायाचा संबंध पळण्यापुरताच. लांबोडका चेंडू पोटाशी धरायचा आणि समोरच्या दांडग्या बायकांमधून वाट काढत सुसाट सुटायचं, हे काम रनिंग बॅकचं. तिच्या पुढे एक फुलबॅक असते. तिने आधी जाऊन समोरच्यांना धडकायचं, एखादीला आडवं करायचं, स्वतः आडवं व्हायचं, आणि झालेल्या फटीतून मागची बाई पळून जाणार. टाळ्या कोणाला मिळतात हे सांगायला नको. आमच्या टीममध्ये रनिंग बॅक माझी धाकटी जाऊ आणि फुलबॅक मी.

पण आधी असं नव्हतं. नाशिक रोडला कॉलेजात असताना मी कबड्डीत चढाईला जायचे. चार-पाच जणींनी पाय धरले तरी मधल्या रेषेपर्यंत फरफटत का होईना, पण यायचेच. पुढे शिकायला मेलबर्नला आले, लग्न झालं, इथे कायम राहायची पीआर मिळाली, पोरगी झाली आणि कबड्डी राहिली तिकडेच. मी लॅव्हर्टनला औषधांच्या वेअरहाऊसमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे. तिथली एक मेट, म्हणजे मैत्रीण, मला एकदा वेरिबीच्या ग्राउंडवर घेऊन गेली. टीमचं नाव ब्रोल्गाज. ब्रोल्गा म्हणजे इथला एक लांब पायांचा पक्षी. कोच शेरिल, शाळेत पीटी शिकवणारी बाई, आवाज रणगाड्यासारखा. तिने मला एकदा चेंडू दिला, मी तिघींना अंगावर घेऊन पलीकडे गेले, आणि त्याच दुपारी मी ब्रोल्गाजची रनिंग बॅक झाले. दोन सीझन मी पळाले. लोक मला ‘बुलडोझर’ म्हणायचे. मला ते नाव आवडायचं.

मग माझ्या दिराचं, सुजितचं लग्न झालं आणि वैष्णवी इकडे आली. सांगलीची मुलगी, शाळेत खो-खो खेळलेली. खो-खो म्हणजे पळपुट्यांचा खेळ असं आम्ही कबड्डीवाल्या म्हणायचो. घरात एकटी कंटाळते बिचारी, म्हणून मीच तिला ग्राउंडवर नेलं. मीच तिच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, हनुवटीखालचा पट्टा मीच आवळून दिला, चेंडू दोन्ही हातांनी कसा धरायचा तेही मीच शिकवलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

त्याच सीझनमध्ये एका मॅचला माझा घोटा मुरगळला. शेरिलने तिला आत पाठवलं. पहिल्याच चेंडूला तिने डावीकडे हूल दिली, उजवीकडे वळली आणि जी सुटली ती शेवटच्या रेषेच्या पलीकडे जाऊनच थांबली. तिच्या अंगाला कोणाचं बोटसुद्धा लागलं नाही. मी बाकावर, घोट्यावर बर्फाची पिशवी. सगळ्या ओरडत होत्या. मीही ओरडले. ओरडणं भागच होतं, माझीच जाऊ होती ती.

घोटा बरा झाल्यावर शेरिलने मला बाजूला घेतलं. म्हणाली, करुणा, तुझ्यात ताकद आहे, अनुभव आहे, फुलबॅकला अशीच बाई लागते. स्थळाला नकार कळवताना ‘मुलगी फार गुणी आहे’ म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. मी ‘नो वरीज’ म्हटलं. घरी येऊन कुकरचं झाकण इतकं आपटलं की त्याला पोचा आला.

तेव्हापासून मी पुढे आणि ती मागे. खांदे माझे काळेनिळे, फोटो तिचे. माझी पोरगी मधुवंती, सात वर्षांची, तिने एकदा ड्राइव्हवेवर खडूने आमच्या मॅचचं चित्र काढलं. काकू चेंडू घेऊन पळतेय, केस हवेत उडतायत, आजूबाजूला फुलं. मी विचारलं, “आणि मी कुठे आहे गं?” तिने एका चौकोनावर बोट ठेवलं. “यू आर द वॉल, मम्मा.” मी पाइप आणून ड्राइव्हवे धुवून काढला. खडूने फार घाण होते.

मग करोना आला आणि ही बाई चोवीस तास माझ्या डोळ्यांसमोर आली. सुजित-वैष्णवीचं पॉइंट कुक या जवळच्या उपनगरातलं घर बांधून व्हायचं होतं, ते लॉकडाऊनमध्ये अर्धवट अडकलं. भाड्याच्या घराची मुदत संपली. माझा नवरा अतुल म्हणाला, येऊ दे की इकडेच, चार खोल्या आहेत. माझ्या सासूबाई, जाईबाई, अकोल्याहून दोन महिन्यांसाठी आल्या होत्या, त्याही विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकल्या. असे आम्ही सगळे वेरिबीत एका छपराखाली. मी मास्क लावून शिफ्टला जायचे, आणि ही घरी बसून लॅपटॉपवर काम करायची, मधल्या वेळात सासूबाईंना भाकरी करून घालायची. तिची भाकरी फुगते. माझीही फुगते, पण तिची फुगली की आई सगळ्यांना हाका मारून दाखवतात.

रविवारी सकाळी आमच्या मंडळाची झूमवर बुद्धवंदना असायची. सगळं घर पांढऱ्या कपड्यांत एका लॅपटॉपसमोर. डोळे मिटून ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’, सगळे जीव सुखी होवोत, असं म्हणताना मी मनातल्या मनात एका जिवाला वगळायचे.

ऑगस्टमध्ये मेलबर्नवर कडक नियम आले. घरापासून पाच किलोमीटरच्या आत, दिवसातून एक तास व्यायाम, तोही दोघांनीच. सीझन तर केव्हाच रद्द झाला होता. अशात एका संध्याकाळी शेरिलने मला आणि वैष्णवीला झूमवर बोलावलं. व्हिक्टोरिया राज्याची टीम निवडत होते आणि रनिंग बॅकची एकच जागा उरली होती. मैदानावर निवड चाचणी घेणं शक्य नव्हतं. म्हणून प्रत्येक क्लबने आपल्या एका रनिंग बॅकचा चाळीस यार्ड पळतानाचा व्हिडिओ पाठवायचा. फक्त एकीचा.

“वैष्णवी आहेच,” शेरिल म्हणाली, “पण करुणा, तूही आधी रनिंग बॅकच होतीस. तुला संधी न देणं मला बरोबर वाटत नाही. दोघी पळा, दोन्ही व्हिडिओ मला पाठवा. जी लवकर पोचेल तिचा मी पुढे पाठवते. दोन आठवड्यांनी, रविवारच्या संध्याकाळपर्यंत.”

मी पस्तीस वर्षांची. रनिंग बॅकचा उमेदीचा काळच मुळात तोकडा, तिशी ओलांडली की गुडघे कुरकुरायला लागतात. पुढच्या वर्षी मला कोणी विचारणार नव्हतं. ही संधी गेली की मी कायमची भिंत. वैष्णवी सव्वीस वर्षांची, तिच्यापुढे सगळं पडलेलं. मी ठरवलं, हिला हरवायचं. जागा तर हवीच होती, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला हिचं पडलेलं तोंड बघायचं होतं.

दोन आठवडे मी भात सोडला. वेअरहाऊसमध्ये लिफ्ट सोडून जिने पळत चढायला लागले. माझ्या शिफ्टनंतर रोज तासभर आम्ही दोघी ग्राउंडवर जायचो, कारण दोघींनीच जायची परवानगी होती आणि घरातल्या पुरुषांना पळायला लावणं म्हणजे रेड्याचं दूध काढणं. ती शेजारून पळायची तेव्हा हिच्या पोटरीत गोळा यावा असं माझ्या मनात यायचं. फार मोठा नाही, आठवडाभर पुरेल एवढाच.

चाळीस यार्ड म्हणजे चाळीस वार. पण मोजायचे कसे? घरात टेप नव्हती, हार्डवेअरची दुकानं गिऱ्हाइकांना बंद. मग आईंची नऊवारी घेतली. चार वेळा अंथरली की छत्तीस वार, उरलेले चार दुकानदार मोजतात तसे नाकापासून बोटांच्या टोकापर्यंत. माप थोडं इकडेतिकडे झालं तरी दोघींना सारखंच. ग्राउंडवर आम्ही दोघी हिरवी नऊवारी ताणून धरून चाललोय, आणि कुत्रा फिरवणारे एक म्हातारे गृहस्थ मास्कच्या वर डोळे मोठे करून बघतायत. “ऑल गुड, लेडीज?” त्यांनी विचारलं. वैष्णवी हसून हसून खाली बसली. मलाही हसू येत होतं, पण हिच्याबरोबर हसायचं नाही असं मी ठरवलं होतं. दोन्ही टोकांना काटक्या रोवल्या आणि साडी नीट घडी करून पिशवीत ठेवली.

शनिवारी पळालो. आधी मी पळाले, तिने व्हिडिओ काढला. मग मी शेवटच्या काटकीपाशी फोन घेऊन उभी राहिले आणि ती पळाली. फोनवर वेळ बघितली. माझी कमी होती. अगदी जराशी, पापणी लवेल एवढी, पण कमी. मी पुन्हा बघितली. तेच.

“ताई, तुम्ही जिंकलात,” ती म्हणाली आणि मला मिठी मारायला आली.

मी म्हटलं, “अगं, थोडक्यात हुकलं तुझं. वाईट वाटून घेऊ नकोस.” हे वाक्य बोलताना मला इतकं गोड लागलं की काय सांगू. दीड वर्ष मी हे वाक्य दुसऱ्यांकडून ऐकत होते. घरी येऊन मी अंघोळ केली, नवी कुर्ती घातली, आणि कधी नव्हे ते स्वतःहून चिकन केलं. अतुलने विचारलं, “आज काय आहे?” मी म्हटलं, “काही नाही, सहज.” आई माझ्याकडे बघून हसल्या. मला वाटलं, म्हातारी माझ्या आनंदात सामील आहे.

दोन्ही व्हिडिओ माझ्याच फोनवर होते. शेरिलला पाठवायचे होते, पण घाई कसली. संध्याकाळी चहाचा कप घेऊन सोफ्यावर बसले आणि तिचा व्हिडिओ लावला. तिला हरताना बघायचं होतं. एकदा बघितलं, दोनदा बघितलं, मग आवाज मोठा करून बघितलं, आणि तिथे माझा चहाचा घोट तोंडातच राहिला.

फुलबॅकला मागे वळून बघता येत नाही. मागची बाई किती जवळ आली हे तिच्या पावलांवरून ओळखावं लागतं. एक अख्खा सीझन मी त्या पावलांचा आवाज ऐकत पुढे धडकत गेले होते. नवऱ्याचं घोरणं ओळखावं तशी मला ती पावलं ओळखू येतात. या व्हिडिओत ती पावलं सुरुवातीला नेहमीसारखी होती, आणि शेवटच्या टप्प्यात ढिली पडली. स्टॉप जवळ आल्यावर बसचा ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतो तशी. मी चित्र थांबवून थांबवून बघितलं. तिचे हात खाली आले होते. चेहऱ्यावर दम लागल्याचं नाव नव्हतं.

मी तशीच किचनमध्ये गेले. वैष्णवी कणीक मळत होती, आई टेबलाशी मेथी निवडत होत्या.

“शेवटी काय झालं तुला पळताना?” मी विचारलं.

“काही नाही ताई. दम लागला.”

“तुला दम लागला? घरी आल्या आल्या तू जिन्यावर उड्या मारत वर गेलीस.”

कणीक मळून झाली होती तरी ती मळत राहिली.

“वैष्णवी, मी काय विचारतेय?”

“तिले कायले रागावतं,” आई म्हणाल्या. “मीच सांगतलं तिले.”

“काय सांगितलंत?”

“मोठीचं वय चाललं म्हटलं. तुह्यापुढं लय वर्षं आहेत. यावेळी होऊ दे तिचं. घरात मोठीचा मान रायला पायजे.” आईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. “वाढताना आधी मोठीच्या ताटात वाढतो का नाही आपन? तसंच आहे हे.”

“हे ताट आहे का आई?”

“मंग काय आहे? खेळच आहे ना?”

मी वैष्णवीकडे वळले. “आणि तू ऐकलंस? ही राज्याची टीम आहे. तुला कळतंय का काय सोडतेयस ते?”

“कळतंय ताई,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “पण तुम्ही मला इथे आणलंत. तुमची जागा माझ्यामुळे गेली. मला रोज दिसतं तुम्हाला किती वाईट वाटतं ते. म्हटलं, एवढं तर मी करू शकते.”

रोज दिसतं म्हणे. म्हणजे माझं कुकर आपटणं, ड्राइव्हवे धुणं, हसू दाबणं, सगळं हिला कळत होतं. मला वाटत होतं मी आतल्या आत जळतेय, आणि इथे धूर घरभर पसरलेला. लाजेने माझे कान तापले. मानपानाचा आग्रह धरणारीही मीच. हिच्या लग्नात थोरल्या जावेला साडी द्यायला उशीर झाला म्हणून मी दोन दिवस घुम्यासारखी बसले होते. आता मिळाला मान. घ्या.

मी तडक गॅरेजमध्ये गेले. अतुल तिथे सायकलचं काहीतरी करत होता. त्याला सगळं सांगितलं. त्याने पाना खाली ठेवला, विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, “हे बघ, ती द्यायला तयार आहे, तुला हवंय. शेरिलला काय कळणार? पाठव आणि मोकळी हो.”

आणि मी पाठवणारच होते. उगाच साधुत्वाचा आव कशाला आणू. शेरिलचं नाव उघडलं, दोन्ही व्हिडिओ जोडले, अंगठा बटणावर नेला. मला ती जागा हवी होती. राज्याची निळी जर्सी, पाठीवर माझं नाव, पोटाशी चेंडू, आणि पुढे माझ्यासाठी वाट करणारी दुसरीच कुणी बाई. कोणाला काय कळणार होतं?

मग मनात आलं, मी जर्सी घालून उतरेन आणि ही घरी टीव्हीसमोर बसून म्हणेल, चला, बरं झालं ताईंचं. बिचाऱ्या. जन्मभर माझ्या जर्सीकडे बघून हिच्या मनात तो शब्द येत राहील. आणि आई मधूनमधून हिच्या पाठीवरून हात फिरवतील, कारण मन मोठं कोणाचं ठरलं, हिचं. पळण्यात तर ही पुढे होतीच, आता चांगुलपणातही पुढे जाणार. तिचा मत्सर मी करू शकते, त्यात मी तरबेज आहे. तिची दया मला सोसणार नाही.

“नाही पाठवत,” मी अतुलला म्हटलं.

“का? तुला तिला हरवायचंच होतं ना?”

“मला तिला हरवायचं होतं. तिने मला जिंकवायला नको होतं.”

त्याने पाना उचलला. “तुम्हा जावाजावांचं मला काही कळत नाही,” म्हणाला. त्याला कळावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

रविवारी वंदना झाल्यावर मी वैष्णवीला म्हटलं, “बूट घाल.” ती लगेच आली. ग्राउंडवर वारा होता, काटक्या जागेवर होत्या. शेवटच्या काटकीपाशी मी पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला आणि व्हिडिओ चालू केला.

“आज दोघी एकदम पळायचं,” मी म्हटलं. “शेजारी शेजारी. मी जीव तोडून पळणार आहे. तूही पळायचंस. तू शेवटी ढिली पडलीस तर मला आवाजावरून कळेल, आणि मग पॉइंट कुकच्या घराला छप्पर असो नसो, तू उद्या तिकडे राहायला जा.”

“ताई, पण आई म्हणाल्या…”

“आईंना इथे यायची परवानगी नाही. दोघींचाच नियम आहे. इथे मी आहे आणि तू आहेस. माझा मान ठेवायचाय ना तुला? मग मला खरी हरव. जमत असेल तर.”

तिने माझ्याकडे बघितलं. आतापर्यंत ती माझ्याकडे कायम जरा खाली मान घालून बघायची. यावेळी सरळ बघितलं. मास्क काढून खिशात घातला, वाकली आणि हाताची बोटं गवतावर टेकली. “ठीक आहे,” म्हणाली. “ताई, मग मी थांबणार नाही.”

मी एक, दोन, तीन म्हटलं आणि सुटलो.

पहिली काही पावलं मी पुढे होते. शप्पथ सांगते, पुढे होते. सुरुवातीचा जोर माझ्यात आहेच. मग डाव्या कानाशी ती पावलं आली, माझ्या ओळखीची, आणि ती ढिली पडली नाहीत. मी दात आवळले, कॉलेजातल्या सगळ्या चढाया आठवल्या, पोटातलं सगळं विष पायांत ओतलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकी जोरात पळाले नव्हते. आणि ती माझ्या शेजारून पुढे निघून गेली. समोर तिची पाठ आली, तिची वेणी आली, आणि प्रत्येक पावलाला ती थोडी थोडी लांब होत गेली. या बाईच्या मागे पळत तिची पाठ मी कधी बघितली नव्हती. मी नेहमी पुढे असायचे. आता दिसली तेव्हा पहिल्यांदाच कळलं, लोक हातातलं काम सोडून का बघतात ते. बघून मला सुख झालं असं नाही. काळजात कळ आली. असं मला कधीच पळता येणार नव्हतं.

शेवटच्या काटकीपलीकडे मी गवतावर आडवी झाले. ती परत आली आणि बाजूला उभी राहिली. तेव्हा एक शब्द बोलली असती तर मी तिला बाटली फेकून मारली असती.

मीच उठून फोन घेतला. माझी वेळ कालच्यापेक्षा चांगली होती. माझी आजवरची सगळ्यात चांगली. आणि तिची त्याहून पुष्कळ चांगली होती, पापणीबिपणी नाही, सरळ दोन हातांचं अंतर. मी तिथेच गवतावर बसून तो व्हिडिओ शेरिलला पाठवला. खाली लिहिलं, वैष्णवी. पाच मिनिटांत शेरिलचा फोन आला. तिचा रणगाड्याचा आवाज आनंदाने फाटला होता. म्हणाली, असं पळणं मी क्लबमध्ये बघितलं नाही, लगेच पुढे पाठवते. मग जरा थांबून म्हणाली, “करुणा, आर यू ओके?”

“नो वरीज,” मी म्हटलं.

आम्ही घरी आलो. आई दारातच उभ्या होत्या. “कोन जिंकलं?” त्यांनी विचारलं. वैष्णवीने तोंड उघडलं, “ताई आज इतक्या छान…” आणि मी तिला मध्येच तोडलं.

“धाकटी जिंकली, आई. मी जीव तोडून पळाले, तरी धाकटीच जिंकली. आता यापुढे तिला माझ्याबद्दल काही सांगायचं नाही.”

आई काहीतरी पुटपुटल्या. मी वर गेले, बाथरूमचं दार लावलं, शॉवर सोडला आणि टाइल्सना डोकं टेकवून पोटभर रडले. पस्तीस वर्षांची बाई, सात वर्षांच्या पोरीसारखी हुंदके देऊन. जागेसाठी रडले, गुडघ्यांसाठी रडले, त्या वेणीसाठी रडले. बऱ्याच वेळाने दारावर टकटक झाली.

“ताई, चहा टाकलाय. तुम्ही येताय ना?”

मी नळ बंद केला. “हे बघ,” दाराआडूनच म्हटलं, “हरवलंस ना मला? मग अहो-जाहो कसलं. ज्या बाईला हरवलं तिला ताई म्हणायचं नाही. नावाने हाक मार.”

बाहेर तिची पावलं जिन्याकडे वळली. मला वाटलं, गेली.

“करुणा,” ती म्हणाली, आधी हळू, मग नीट मोठ्याने, “चहा गार होतोय, ये लवकर.”

ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मागितलं मीच होतं. मी तोंड पुसलं आणि दार उघडलं.